नळीवाले अण्णा गेले : आठवणी सविस्तर लिहाव्यात, ही विनंती

कातळवाट

नमस्कार.

गेल्या मंगळवारी पहाटे आमचे अण्णा गेले. आजारपण नाही, अंथरूण धरणे नाही. सोमवारी तिन्हीसांजेला ते वरच्या वाडीतून उतरताना मला पाखाडीवर भेटले होते. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि पाऊस लागण्यापूर्वी गडग्यालगतचे रान साफ करून घ्या, असे बजावून ते पुढे गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खळ्यात माणसे जमलेली दिसली, तेव्हा कोणाला तरी चावले असावे, असेच मला प्रथम वाटले. त्यांच्या खळ्यात अवेळी माणसे जमायची ती याच कारणासाठी.

मुंबई-पुण्याच्या मंडळींपैकी काहींना बातमी उशिरा कळली, काहींना अजून कळली नसेल. श्रद्धांजलीचे दोन शब्द सगळेच लिहितील. माझी विनंती एवढीच, की ज्याच्याकडे अण्णांची जी आठवण असेल ती त्याने जमेल तितक्या तपशिलाने लिहावी. कोणती वाडी, कोणता ऋतू, किती वाजले होते, अण्णांनी काय केले. मोघम बोललेले त्यांना कधीच चालत नसे.

ज्यांना ते ठाऊक नव्हते त्यांच्यासाठी थोडे सांगतो. राजापूर तालुक्याच्या किनारपट्टीवरच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात अण्णा प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते आणि तेथूनच निवृत्त झाले. साप चावलेला माणूस आला की त्याचे थोडे रक्त काचेच्या नळीत घ्यायचे, नळी न हलवता वीस मिनिटे उभी ठेवायची आणि मग अलगद आडवी करून पाहायची. रक्त गोठून तळाशी बसले असेल तर तूर्त ठीक. पाण्यासारखे वाहिले तर फुरसे किंवा घोणस यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती घालवली आहे, आणि प्रतिविष ताबडतोब सुरू करायला हवे. या तपासणीला यंत्र लागत नाही, वीज लागत नाही. लागते ती नळी, घड्याळ आणि वीस मिनिटे त्या नळीला कोणाचाही हात लागू न देणारा माणूस. पावसात दिवे गेलेले असताना स्टुलावर बसून, बॅटरीचा झोत भिंतीवर टाकून, त्या परतलेल्या उजेडात नळीकडे पाहत राहिलेले अण्णा मी स्वतः पाहिले आहेत. ‘नळीवाले’ हे नाव त्यांना तेथूनच पडले.

आपल्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळपठारावर, फुरसे किती, हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. दीड फुटाच्या आतबाहेरचे जनावर, जांभ्याच्या रंगात मिसळून गेलेले, दिवसा दगडाखाली आणि रात्री वाटेवर. वेटोळे घालून अंगावरचे खवले घासते तेव्हा खरखर ऐकू येते, पण पावसाच्या आवाजात तीही ऐकू येत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांत आकाराने सर्वांत लहान हेच, आणि म्हणूनच कदाचित त्याच्याकडे दुर्लक्षही सर्वांत जास्त होते. चावल्यावर माणूस दोन दिवस हिंडतो-फिरतो, मग हिरड्यांतून रक्त येऊ लागते, लघवी लाल होते, आणि तेव्हा घरच्यांची धावाधाव सुरू होते.

आमच्याकडे ‘साप चावला’ असे म्हणत नाहीत, ‘पान लागले’ म्हणतात. जनावराचे नाव तोंडातून काढायचे नाही, ही जुनी भीती. अण्णांनी या भीतीची कधी टर उडवली नाही, आणि मला वाटते त्यांचे सगळे यश येथेच आहे. पान लागले की माणसाला आधी भगताकडे न्यायचे, तेथे विष उतरवायचे, आणि नाहीच उतरले तर मग गाडी बघायची, ही गावाची रीत होती. नव्या नोकरीत अण्णांनी लोकांशी वाद घातले, भगतांशीही घातले, आणि त्यातून एवढेच झाले की लोक त्यांना न सांगता भगताकडे जाऊ लागले. पुढे त्यांनी वाद सोडला. निरोप आला की आपली जुनी जीप घेऊन ते थेट भगताच्या अंगणात जायचे, नमस्कार करायचे आणि म्हणायचे, की बाबा, तुम्हीही गाडीत बसा, मंत्र वाटेत म्हणा. भगत पुढच्या सीटवर, रुग्ण मागे आडवा, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला सैल बांधलेला. भगताचा मान राहिला, घरच्यांचे समाधान झाले, आणि जीप आरोग्य केंद्राच्या दारात उभी राहिली.

निघण्यापूर्वी ते बॉलपेनने रुग्णाच्या कातडीवर सुजेच्या कडेला रेघ ओढायचे आणि शेजारी वेळ लिहायचे. वाटेत पुन्हा एक रेघ, पुन्हा वेळ. डॉक्टरांच्या हाती रुग्ण पोहोचायचा तो असा, अंगावरच लिहिलेला.

आणि त्यांची वही. लांब, पुठ्ठ्याच्या बांधणीची, किराणा दुकानात उधारीला वापरतात तशी. तारीख, वाडी, अंगावरची जागा, चावल्याची वेळ, घरातून निघाल्याची वेळ, पोहोचल्याची वेळ. चावल्यापासून निघेपर्यंत जो वेळ जातो त्याला ते ‘घरातला वेळ’ म्हणायचे आणि तो आकडा लाल शाईने लिहायचे. अंतर आपल्या हातात नाही, रस्ता आपल्या हातात नाही, प्रतिविषाचा साठा आपल्या हातात नाही. घरातला वेळ मात्र पूर्णपणे आपला आहे, असे ते प्रत्येक वाडीतल्या सत्यनारायणाला, प्रत्येक ग्रामसभेत, शिमग्यात पालखी घरी आली असतानासुद्धा सांगत. जुन्या पानांवर तो वेळ तासांत आहे. एके ठिकाणी सरळ ‘2 दिवस’ लिहिले आहे. अलीकडची पाने पाहिली तर बहुतेक आकडे मिनिटांत आहेत. मी ही वही परवा पुन्हा हातात घेतली आणि माझ्या मते अण्णांचे काम काय होते ते त्या लाल रकान्यात आहे.

माझ्या घरची आठवण सांगून थांबतो. माझा पुतण्या पाच वर्षांचा असताना घराशेजारी रचलेल्या चिऱ्यांच्या थप्पीत हात घालून बसला आणि लाल विंचवाने त्याला डंख केला. मूल रडत होते तोवर आम्हाला काळजी वाटत होती, ते शांत झाले तेव्हा हायसे वाटले. अण्णा आले, त्यांनी मुलाचा तळहात आपल्या गालाला लावला आणि क्षणभरही न बसता त्याला उचलले. हात थंडगार होता, कपाळावर घामाचे थेंब होते, आणि दोनदा उलटी झाली होती. विंचवाच्या विषाने शरीरात जे वादळ उठते त्यात रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो आणि शेवटी फुप्फुसांत पाणी भरते. रडणे थांबणे ही त्या मुलाची सुधारणा नव्हती. महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात 1976 पासून काम करताना डॉ. हिंमतराव बावस्करांनी हे सारे रुग्णाच्या उशाशी बसून ओळखले आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी विंचूदंशावर वापरून दाखवली. त्या कामाने कोकणातली किती मुले वाचली याची गणती नाही. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली त्या दिवशी अण्णांनी आरोग्य केंद्रात पेढे वाटले होते. माझ्या पुतण्याला ती गोळी वेळेवर मिळाली. तो आता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आणि मंगळवारी तिरडीला खांदा देणाऱ्यांत तो होता.

खाडीपलीकडची

दादा, बातमी वाचून हातापायांतले बळ गेले. मी वाघोटन खाडीच्या पलीकडच्या गावची, लग्न होऊन तुमच्या गावात आले. अण्णांची माझी आठवण लिहिते.

लग्नाला सहा महिने झाले होते. श्रावणात संध्याकाळी मांगरातून लाकडे काढताना उजव्या हाताला पान लागले. अण्णा आले तेव्हा मनगट सुजायला लागले होते आणि हातात लग्नाचा हिरवा चुडा होता. सूज वाढली की बांगड्या मांसात रुततात, म्हणून बांगड्या, अंगठी, घड्याळ जे असेल ते आधी काढायचे असते. पण नव्या सुनेचा चुडा उतरवायचा म्हटल्यावर घरात कोणी पुढे होईना. सासूबाई दाराशी उभ्या राहून रडत होत्या. दुसऱ्या कोणी दरडावून बांगड्या फोडल्या असत्या. अण्णांनी तसे केले नाही. त्यांनी सासूबाईंना हाताला धरून माझ्याजवळ बसवले, साबणाचे पाणी मागवले आणि त्यांच्याच हातांनी एकेक बांगडी न फोडता उतरवून घेतली. मग खिशातला धुतलेला रुमाल काढून त्यात सगळ्या बांगड्या बांधल्या, गाठ मारली आणि तो रुमाल सासूबाईंच्या ओटीत दिला. बरी होऊन आली की तुम्हीच भरा, असे सांगितले.

नळीतले रक्त गोठले नव्हते. प्रतिविषाच्या कुप्या सलाइनमधून चढवल्या, थंडी वाजून आली, अंगावर गांधी उठल्या, त्यावर औषधे दिली, आणि सहा तासांनी पुन्हा नळी पाहिली. त्या रात्री मला काही कळत नव्हते, पण स्टुलावर बसलेली त्यांची पाठ मला दिसत होती. पाचव्या दिवशी घरी आले, तेव्हा सासूबाईंनी देवासमोर बसवून चुडा भरला. सासूबाई आता नाहीत. तो रुमाल मात्र अण्णांना परत द्यायचा राहून गेला.

हापूसबाग

मी आंबा बागायतदार आहे. आमच्या बागांत हंगामात राखणीला आणि काढणीला नेपाळी कामगार असतात, हे सर्वांना माहीत आहे. ती माणसे बागेतल्याच झोपडीत जमिनीवर झोपत. त्यांची चौकशी करायला गावातून कोणी गेल्याचे मला आठवत नाही. अण्णा मात्र मोहोर धरला की प्रत्येक बागेत एक फेरी मारायचे.

एका वर्षी माझ्याकडच्या एका राखणदाराचे पहाटे पोट दुखू लागले. खाण्यातले काही असेल म्हणून आम्ही त्याला ओवा दिला. योगायोगाने अण्णा त्या दिवशी बागेत आले होते. त्यांनी त्याला वर बघायला सांगितले, तर पापण्या पूर्ण उघडेनात. अंगावर चावल्याची खूण शोधूनही सापडत नव्हती. अण्णांनी मण्यार असे एकच शब्द उच्चारला आणि जीप काढली. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, दंश जाणवतही नाही, आणि मग पापण्या, जीभ, श्वास या क्रमाने माणूस लुळा पडत जातो. त्या माणसाला श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले, पण तो वाचला. पुढच्याच आठवड्यात अण्णांनी मला माझ्या पडवीत बसवून खूप बोलून घेतले. माझी चूक होती, मी मान्य केली. तेव्हापासून माझ्या बागेत प्रत्येकाला बाजले, गादीखाली खोचता येणारी मच्छरदाणी, बॅटरी आणि गमबूट दिल्याशिवाय हंगाम सुरू होत नाही. शेजारच्या बागांतही ही पद्धत पडली आहे. तो राखणदार आता त्याच्या गावी असतो. काल त्याला फोन करून कळवले, तेव्हा तो बराच वेळ काही बोलू शकला नाही.

एक_डॉक्टर

मी या आरोग्य केंद्रात काही वर्षे वैद्यकीय अधिकारी होते. नव्याने पास होऊन आले होते आणि सर्पदंशाचा रुग्ण पुस्तकाबाहेर कधी पाहिलेला नव्हता. पहिल्या रात्रीच एक सात वर्षांची मुलगी आली, आणि लहान मूल म्हणून मी प्रतिविषाची मात्रा निम्मी करायला निघाले होते. अण्णांनी मला बाजूला घेऊन, सर्वांसमोर नव्हे, अत्यंत अदबीने आठवण करून दिली, की मॅडम, साप मूल बघून विष कमी सोडत नाही. प्रतिविषाची मात्रा वजनावर ठरत नाही, मोठ्यांना जेवढी तेवढीच मुलांना द्यायची असते. मला हे माहीत होते, पण त्या क्षणी सुचले नव्हते. ती मुलगी वाचली याचे श्रेय लोकांनी मला दिले. अण्णांनी त्यावर एक अक्षरही काढले नाही.

कातळवाट यांनी नळीबद्दल लिहिले आहे त्यात थोडी भर घालते, कारण अण्णांनीही ती घातली असती. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकची चालत नाही. काचेच्या स्पर्शानेच रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. ती कोरडी हवी, आणि डिटर्जंटने धुतलेली नळी वापरू नये, त्यामुळे चांगले रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. अण्णा नव्या नळ्यांचा डबा कुलपात ठेवत आणि किल्ली जानव्याला बांधत, ते यासाठी. दुसरे असे, की ही नळी फुरसे आणि घोणस यांच्या विषासाठी आहे. नाग आणि मण्यार यांत ती साफ गोठलेली दिसेल आणि रुग्ण तरीही जाईल. वरच्या प्रतिसादातल्या राखणदाराच्या बाबतीत अण्णा नळी बघत बसले नाहीत, पापण्या बघून निघाले. अनुभव म्हणतात तो हा.

2000 ते 2019 या काळात भारतात दरवर्षी सरासरी 58,000 माणसे सर्पदंशाने दगावली, असा अंदाज संशोधकांनी मांडला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित आजारांच्या यादीत केला, आणि 2024 मध्ये केंद्र सरकारने हे मृत्यू 2030 पर्यंत निम्मे करण्याचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याची बातमी मी अण्णांना पाठवली, तेव्हा त्यांनी उलट विचारले, की त्या आराखड्यात घरातल्या वेळाचा रकाना आहे का.

ते कशाने गेले हे मला घरून कळले आहे, पण ते त्यांच्या घरच्यांनीच लिहावे.

गिरगाव_ते_गाव

सर्वांच्या भावनांचा आदर राखून एक गोष्ट लिहितो. अण्णांबद्दल माझ्याही मनात आदर आहे. परंतु भगताला गाडीत बसवण्याचे जे कौतुक वर झाले आहे ते मला जड जाते. माझे चुलते भगताच्या ओसरीवर दगावले. जीप आली होती, पण भगत पूजेला बसले होते आणि ते उठेपर्यंत अण्णा अंगणात थांबले. किती वेळ थांबले हे त्यांच्या वहीत असेल. मंत्राने विष उतरत नाही हे अण्णांना माहीत होते. मग जे माहीत आहे ते ठणकावून सांगायला नको होते का? बिनविषारी साप चावलेली माणसे, किंवा विषारी सापानेच चावूनही विष न सोडलेली माणसे भगताकडून बरी होऊन आली, की मंत्राचा बोलबाला होतो; आणि अण्णांसारखा माणूस त्या दारात हात जोडून उभा राहिला की त्या बोलबाल्याला अधिकच बळ मिळते. हे लिहिण्याची ही वेळ आहे का, असे कोणी विचारील. पण तपशिलाने लिहा असे आवाहन आहे, म्हणून लिहिले.

कातळवाट

भाऊ, आपण लिहिलेत ते बरे केले. वही उघडून पाहिली. आपल्या चुलत्यांची नोंद आहे. घरातला वेळ 1 तास 10 मिनिटे, आणि त्यापुढे अण्णांच्या अक्षरात ‘यात 25 मिनिटे माझी’ असे लिहिले आहे. आकड्याखाली दोन रेघा आहेत. त्यानंतरच्या कोणत्याही नोंदीत ते अंगणात थांबल्याचे मला आढळले नाही. आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नाही. त्यांनी स्वतःला ते विचारले होते, एवढे त्या पानावरून दिसते.

भगतांच्या_घरचा

मी त्याच भगतांचा नातू. आजोबांचे नाव न घेता सर्वांनी लिहिले, त्याबद्दल आभार. गिरगावच्या काकांची हात जोडून क्षमा मागतो. त्या मृत्यूनंतर आजोबा बरेच दिवस कोणाशी बोलत नव्हते. पुढे अण्णा त्यांना एकदा आरोग्य केंद्रात घेऊन गेले आणि नळीसमोर स्टुलावर बसवून वीस मिनिटे ठेवले. रक्त पाण्यासारखे वाहिलेले आजोबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. प्रतिविष गेल्यानंतर काही तासांनी दुसरी नळी गोठलेली पाहिली. घरी आल्यावर त्यांनी आजीला सांगितले, की आता कोणी आले तर त्याला ओसरीवर चढू द्यायचे नाही, अंगारा रस्त्यावरच लावायचा आणि पुढे पाठवायचे. शेवटची कित्येक वर्षे आमच्या घरी हाच नियम होता. आजोबांनी अंगाऱ्याची पुडी गाडीच्या खिडकीतून आत दिलेली मी पाहिली आहे. काकांनी म्हटले तसे ठणकावून सांगितले असते तर आजोबांनी ऐकले असते का? त्यांचा स्वभाव माहीत असल्यामुळे मी सांगू शकतो, ऐकले नसते. पण त्यामुळे काकांचे चुलते परत येत नाहीत, हेही खरेच आहे.

सातबारा

थोडक्यात लिहितो. सर्पदंशाने शेतकरी दगावल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून कुटुंबाला 2 लाख रुपये मिळतात, हे आमच्या वाडीला अण्णांमुळे कळले. सातबारा, वारसाची नोंद, मृत्यूचे वैद्यकीय कागद ही जुळवाजुळव त्यांनी माझ्या भावजयीसाठी तहसील कार्यालयात स्वतः जाऊन केली. चहासुद्धा घेतला नाही.

अण्णांची_मुलगी

आपण सर्वांनी लिहिलेले मी आईला काल रात्री वाचून दाखवले. बांगड्यांच्या रुमालाची गोष्ट आम्हाला माहीत नव्हती. ताई, तो रुमाल तुमच्याकडेच राहू द्या.

अण्णा कसे गेले याविषयी अनेकांनी फोनवर विचारले, आणि दर वेळी सांगताना मी काहीतरी गाळले. येथे सर्व लिहिते. मंगळवारी साडेतीनच्या सुमारास ते उठले. छातीत जड वाटते म्हणाले. आईने विचारले, तर पित्त झाले असेल म्हणाले. आईने आमसुलाचे पाणी करून दिले ते प्यायले आणि ओटीवर झोपाळ्यावर बसले. घाम येत होता, पण हवाच तशी कोंदट होती. शेजारच्यांना उठवू का, 108 ला फोन करू का, असे आईने दोनदा विचारले. रात्रीची माणसे कशाला उठवायची, उजाडले की बघू, असे ते म्हणाले. दुसऱ्या कोणाच्या घरात हे वाक्य त्यांनी ऐकून घेतले नसते. पाच वाजून गेल्यावर ते झोपाळ्यावरच एका अंगाला कलंडले. जीप दारात होती. ती चालवणारे तेच होते. शेजारी धावत आले, पण तोवर काही उरले नव्हते. डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला.

डॉक्टर मॅडमशी मी बोलले. छातीत दडपण, त्यासोबत घाम, दुखणे हाताकडे किंवा जबड्याकडे सरकणे, ही लक्षणे असली तर ते पित्त आहे की नाही हे घरी ठरवायचे नाही, ईसीजी काढल्यावरच ठरते, असे त्यांनी सांगितले. आईला याचा फार त्रास होत आहे, म्हणून तिला कोणीही या विषयावर प्रश्न विचारू नयेत, ही विनंती. तिने विचारले होते. दोनदा विचारले होते.

वही कातळवाट दादांकडून परवा मी घरी आणली. अण्णांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ मी लिहिली आहे. चावल्याचा रकाना रिकामा सोडला. अंगावरची जागा : छाती. लक्षण सुरू : 3.30. घरातून निघाल्याचा रकाना रिकामा. घरातला वेळ लिहायला लाल पेन लागते, ते त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होते आणि सदरा आईने ट्रंकेत ठेवला होता. आईने ट्रंक उघडून पेन आणून दिले. मी दीड तास असे लिहिले, तर आई म्हणाली, त्यांना असे चालायचे नाही, नीट मिनिटे लिही. मग मी ते खोडून 95 मिनिटे असे लिहिले.

हापूसबाग

ताई, वहिनींना सांगा, आम्ही सर्व आहोत.

कातळवाट

ताई, वाचले. त्यावर काही लिहिण्याची माझी पात्रता नाही.

पाऊस दोन आठवड्यांवर आला आहे आणि फुरशाचे दिवस सुरू होतील, म्हणून कामाचे तेवढे लिहितो. जीपची किल्ली ताईंनी गावाला दिली आहे. ती देवळासमोरच्या किराणा दुकानात खिळ्याला टांगलेली असेल, रात्री दुकानदाराला हाक मारावी, ते वरच राहतात. गाडी चालवायला भगतांच्या घरचा नातू आणि माझा पुतण्या, जो गावात असेल तो. हापूसबागवाल्या भाऊंनी वर्षभराच्या डिझेलचे पैसे आगाऊ भरले आहेत. गिरगावच्या भाऊंनी मला वेगळा फोन करून काचेच्या नळ्यांचा नवा डबा मुंबईहून पाठवतो असे सांगितले आहे. तो थेट आरोग्य केंद्राच्या पत्त्यावर पाठवावा आणि प्लास्टिकच्या नळ्या येत नाहीत ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता अण्णांच्या खळ्यात डॉक्टर मॅडम फळी कशी बांधायची आणि रेघ कशी ओढायची ते दाखवणार आहेत. येताना प्रत्येक वाडीने एक बॉलपेन आणि एक घड्याळ घेऊन यावे.